निळा ठिपका

मलिहानं कागद दाराच्या उजेडात धरला आणि खालचा ओठ दातांत दाबला. पानाच्या डाव्या अंगाला, वरून खाली, सारख्या अंतरावर तोच निळा ठिपका. मोहरीच्या दाण्याहूनही लहान. पण एकदा दिसला की पानावर दुसरं काही दिसतच नव्हतं. तिनं प्रिंटरचं झाकण उघडलं, आत फुंकर मारली, झाकण लावलं, पुन्हा एक पान काढलं. ठिपका जिथल्या तिथे.

"फुकून काय होते?" काउंटरमागून आसिफ म्हणाला. "चूल हाय का ते?"

"मग तुम्ही सांगा काय करू."

"शुक्रवारी वापस करू. दुसरं काय."

खामगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. दोघं नवरा-बायको मिळून चालवायचे. सातबाऱ्याच्या नकला, शाळेचे दाखले, लग्नसराईत थोड्याफार पत्रिका. रंगीत प्रिंटर घ्यायचा हट्ट मलिहाचा. अकोल्याच्या कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला हा जडशीळ लेझर प्रिंटर डीलरनं शुक्रवारपर्यंत वापरून बघायला दिला होता; पटला तर ठेवा, नाहीतर परत. हट्ट तिचा, म्हणून मशीनचा प्रत्येक दोषही आता तिच्याच नावावर पडत होता. आसिफ माणूस वाईट नव्हता. फक्त आपलं म्हणणं खरं ठरू लागलं की त्याला आनंद लपवता येत नसे.

दाराशी खुर्ची टाकून तिचे सासरे अब्दुल गनी बसले होते. त्यांची उभी हयात जिनिंग-प्रेसमध्ये रुईच्या गाठींवर मार्का मारण्यात गेली होती. पत्र्यात कोरलेली अक्षरं गाठीवर धरायची आणि वरून काळ्या रंगाचा रूळ फिरवायचा, हेच काम. आता डोळे अधू झाले होते आणि सदऱ्याच्या खिशात कायम एक भिंग असायचं.

"ठिपक्या-ठिपक्यात अंतर सारखं हाय का, बेटी?"

"हाव अब्बा. एकदम सारखं."

"मग ते गोल फिरनाऱ्या चीजचं काम हाय. आमच्या रुळाले खडा लागला का असाच डाग पडे. एका चक्कराले एक डाग. दोरा घे अन् मोज."

मलिहानं शिवणाच्या डब्यातून दोरा आणला. दोन ठिपक्यांमधलं अंतर दोऱ्यावर घेऊन गाठ मारली आणि निळ्या रंगाचा सगळा डबाच मशीनमधून बाहेर ओढला. आतल्या काळ्या रुळाला दोरा गुंडाळला तर बराच उरला. मग शेजारच्या हिरवट चकचकीत ड्रमला गुंडाळला, आणि दोऱ्याची दोन टोकं बरोबर एकमेकांना येऊन भिडली. ड्रम हळूच फिरवत गेल्यावर कडेला सुई टोचल्यासारखा एक बारीक टवका सापडला. उजेडानं ड्रम खराब होतो एवढं डीलरनं सांगितलं होतं, म्हणून तिनं घाईघाईनं त्याच्यावर ओढणी टाकली.

"सापडला!" ती एवढ्या जोरात म्हणाली की झेरॉक्ससाठी उभा असलेला मास्तर दचकला.

गनीमियांना हसू आलं. "तुमी डाग काढून राह्यले. आमी तं मुद्दाम पाडो. मार्क्याच्या पत्र्यात जो तो आपली निशानी ठेवे. माह्या 'र'च्या पोटात बारीक काप होता. गाठ कोठीबी जाऊ दे, काप पाह्यला का मी सांगो, हे माह्या हातची. मालकाले मालूम नाई, मुकादमाले मालूम नाई."

मुकादमाचं नाव निघालं आणि उत्तमराव पायरी चढून आत आले, हा निव्वळ योगायोग. एके काळी त्याच प्रेसचे मुकादम, आणि आता रस्त्यापलीकडे त्यांचं बियाणं-औषधांचं मोठं दुकान. प्रेसच्या पट्ट्यात गनीमियांचा हात सापडला होता तेव्हा त्यांना पाठीवर घालून दवाखान्यात नेणारा माणूस हाच. त्यामुळे या घरात उत्तमरावांना कुणी कधी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि उत्तमरावांनीही दुकानाला कधी काम कमी पडू दिलं नव्हतं.

त्यांनी काउंटरवरचं छापून पाहिलेलं पान उचललं. कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटावर चिकटवायचं आडवं हिरवं लेबल होतं त्यावर. डाव्या कोपऱ्यात दोन पानांचं चित्र, बाकी बारीक अक्षरं, लॉट नंबर, तारीख.

"हिरवा जमला नाई, पोरी. हा मेंदीवानी दिसते. अन् हा ठिपका कायचा?"

"काढते काका. सापडला आताच."

"गोदामात पानी शिरलं. पाकिटं सारे चांगले, पन लेबलं भिजले. कंपनीले सांगतलं तं महिना लावते, अन् तवरोक पेरनी होऊन जाईन." त्यांनी शेजारचा कंपनीच्या लेबलाचा नमुना तिच्यासमोर सरकवला. "जसंच्या तसं पाह्यजे. बुधवारी संध्याकाळी."

"होऊन जाईन," आसिफच म्हणाला.

डीलरनं दुसरा ड्रम एसटीच्या पार्सलनं पाठवला. वापरलेलाच, पण त्याचं अंग गुळगुळीत होतं. मलिहानं तो बसवला, आतल्या काचेवरून चष्म्याचं मऊ फडकं फिरवलं, चारही टोनर हलवून पुन्हा लावले. रंग जुळवायची पानं काढता काढता वीज गेली. आली तेव्हा सगळं पहिल्यापासून. हिरवा आधी पोपटी झाला, मग शेवाळी. स्टिकरचा कागद जाड म्हणून रंग बोटाला लागून निघायचा, तेव्हा तिनं मशीनला जाड कागदाचं सांगून पाहिलं आणि तो पक्का बसला. बुधवारी सकाळी तिच्या हातात असं पान आलं की नमुना शेजारी ठेवला तर कोणतं खरं हे तिचं तिलाच क्षणभर कळेना. ती एवढी खूश झाली की सासऱ्यांच्या चहात दोनदा साखर पडली.

"आता म्हना वापस कर," ती आसिफला म्हणाली.

आसिफनं पान उलटसुलट करून पाहिलं आणि फक्त "हं" केलं. त्याच्याकडून एवढं आलं म्हणजे खूप झालं.

तेवढ्यात तिचा मोबाइल वाजला. सोनाळ्याहून तिचा धाकटा भाऊ सकलैन बोलत होता. मागच्या हंगामात त्याची कपाशी अर्धीमुर्धी उगवली होती, दुबार पेरणी करावी लागली, आणि तेव्हापासून तो फोनवर कमी बोलायचा. आज मात्र त्याचा आवाज खुलला होता.

"आपा, कपाशीचं बारा नंबर बी भेटून राह्यलं! कोठीच नाई, साऱ्या जिल्ह्यात बोंब हाय. पन तुमच्या समोरच्या उत्तमरावकडे गाडी येनार."

"कधी?"

"उद्या पहाटे. आतापर्यंत त्याच्याजवळ एक दाना नव्हता म्हने. मी येतो, केसरमावशीबी येऊन राह्यली. सातबाऱ्याची झेरॉक्स लागते, ते तू काढून दे."

ती हो म्हणाली. फोन ठेवला, आणि हातातल्या लेबलाकडे बघत उभी राहिली. बारा नंबरचंच लेबल होतं. माल उद्या पहाटे येणार. मग गोदामात पाणी शिरून भिजली ती लेबलं कोणत्या पाकिटांवरची?

ती दारापर्यंत गेली, परत आली, कागदांची थप्पी उगाच सारखी केली. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं आसिफला सगळं सांगितलं.

"तू कायले डोकं लावून राह्यली?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आपन छापनारे. लग्नाची पत्रिका छापतो तवा नवरदेव कसा हाय, पाह्यतो का?"

"ह्यातलं बी सकलैननं पेरलं तं?"

"त्याले दुसऱ्या दुकानातून घ्यायले सांग."

"अन् बाकीचे?"

आसिफनं दाराकडे पाहिलं. वडील ऐकत होते हे दोघांनाही माहीत होतं. "अब्बाले पाठीवर टाकून कोनं नेलं होतं, ते इसरली का? उद्या त्यानं काम बंद केलं तं हे मशीन काय चाटायचं हाय?"

गनीमियांचा अधू हात मांडीवर पडला होता. ते रस्त्याकडे बघतच बोलले.

"नाई म्हनलं तं तो अकोल्यात छापून आनीन. मग तं कोनालेच काई समजनार नाई." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "बेटी, तो जुना ड्रम फेकला का?"

"नाही अब्बा. डीलरले द्यायचा हाय."

"बरं," ते म्हणाले आणि सदऱ्याच्या टोकानं भिंग पुसू लागले.

दुपारी आसिफ जेवायला घरी गेला, आणि मलिहानं चांगला ड्रम काढून टवक्याचा जुना ड्रम पुन्हा मशीनमध्ये बसवला. तिचं डोकं लख्ख चालू होतं. ठिपका पडतो तो डाव्या अंगाला, ठरलेल्या अंतरावर. तिनं दोऱ्याची गाठ पट्टीवर मोजली आणि पानावर लेबलं एकाखाली एक अशी मांडली की प्रत्येकाची सुरुवात त्याच अंतरावर यावी. सगळी पानं एकदम सोडली तर ठिपका सरकायचा. एकेक पान सोडून मशीनला पूर्ण थांबू दिलं, तर तो नेमका तिथेच पडायचा. मग तिनं अख्खं लेबल केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवून पाहिलं. अखेर ठिपका हिरव्या पानाच्या देठापाशी येऊन बसला. चित्राचाच भाग वाटावा असा. ज्याला माहीत नाही त्याला तो दिसला नसता, आणि ज्याला माहीत आहे त्याची नजर तिथून हलली नसती.

ती एकेक पान सोडत राहिली. सकलैनला सांगायचं, एवढं तिनं ठरवलं होतं. देठ बघ आणि मग घे. बाकीच्यांचं काय, हा प्रश्न मनात आला की ती छापून झालेली पानं उचलून टेबलावर आपटून सरळ करायची. पानं आधीच सरळ होती.

संध्याकाळी उत्तमराव आले. त्यांनी लेबलावरून अंगठा फिरवला, नमुना शेजारी धरला, डाव्या कडेची पांढरी पट्टी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. तिथे काहीच नव्हतं.

"ठिपका गेला?"

"पाहा नं काका."

"झकास. तुह्या बायकोच्या हातात कला हाय, आसिफ."

मलिहानं ओढणी डोक्यावर सारखी केली. ते गेल्याबरोबर तिनं भावाला फोन लावला. फोन बंद. रात्री पुन्हा लावला, सकाळी उठल्या उठल्या लावला. सोनाळ्यात वीज नसली की मोबाइल मेलेलेच असतात, हे तिला माहीत होतं. तरी ती लावत राहिली.

गुरुवारी दुकान उघडायच्या आधीच गल्लीत माणसं भरली होती. उत्तमरावांच्या दारापासून निघालेली रांग वळून बसस्टँडकडे गेली होती, आणि सातबाऱ्याच्या झेरॉक्ससाठी त्यातली निम्मी माणसं मलिहाच्या काउंटरशी. थोड्या प्रती निघाल्या आणि वीज गेली. लोक आतच उभे राहिले, कोणी पायरीवर बसले. गाडी आली, वाटप सुरू झालं, असा पुकारा बाहेर झाला; पाकीट मिळालेले काही जण सावलीला इकडेच येऊन टेकले. मलिहा सारखी रांगेकडे मान वाकडी करून बघत होती. तिला सकलैन दिसत नव्हता.

तो आला तो समोरच्या दुकानातूनच. सोनाळ्याच्या तलाठ्याकडून नक्कल आधीच काढून तो पहाटेपासून रांगेत उभा होता. सदरा घामानं चिकटलेला, आणि छातीशी दोन पाकिटं. त्याच्यामागे केसरबाई, त्याच्या धुऱ्याला लागून जिचं शेत ती. तिनं आपलं पाकीट पदरात गुंडाळलं होतं.

"भेटलं आपा! माह्यापुढं चार लोक होते अन् संपलं म्हनून राह्यले होते, मग अजून काढले."

मलिहानं पाकिटं हातात घेतली. पहिल्याचा देठ स्वच्छ होता. तिनं दारापाशी जाऊन उजेडात पुन्हा पाहिला, अगदी स्वच्छ. दुसऱ्याच्या देठाशी निळा ठिपका होता. खऱ्यात खोटं मिसळून वाटत होते. उद्या एकाच वावरात अर्ध्या ओळी उगवल्या असत्या आणि अर्ध्या नाहीत, आणि लोकांनी पावसाला दोष दिला असता.

ती सकलैनच्या अगदी जवळ सरकली. "हे ठेव. हे दुसरं जाऊन बदलून आन. काही बोलू नको, फक्त बदलून आन."

"काऊन?"

"म्या सांगतलं म्हनून."

सकलैन गोंधळून पाकिटाकडे बघू लागला. केसरबाईनं मात्र ते ऐकलं होतं. तिनं पदर सोडला आणि आपलं पाकीट काउंटरवर ठेवलं.

"माह्यंबी पाह्य वं माय. मले तं वाचता नाई येत. चांगलं हाय नं?"

मलिहानं पाहिलं. देठाशी ठिपका. तिनं मान वर केली तेव्हा झेरॉक्स मशीनपाशी उभा असलेला आसिफ तिच्याकडेच बघत होता. त्यानं अगदी थोडी, कोणाला कळणार नाही अशी, नकारार्थी मान हलवली. दाराशी खुर्चीत गनीमिया बसले होते. त्यांची पाठ दुकानाकडे होती आणि ती हलत नव्हती.

हो, चांगलं आहे, एवढंच म्हणायचं होतं. भावाचं काम झालं होतं, आणि तिनं ठरवलं होतं तेही तेवढंच. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नाही मावशी," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं त्याहून मोठा निघाला. "हे नकली हाय. पानाच्या देठाशी निळा ठिपका पाहा. ठिपका असला का नकली. नसला का असली."

मागून एक उंच, उन्हानं रापलेला माणूस पुढे आला. त्याच्याही हातात पाकीट होतं.

"तुले काय मालूम वं? तू काय कंपनीची हाय?"

"नाही."

"मग?"

"ते लेबल म्या छापलं. ह्या मशीनवर. ठिपकाबी म्याच पाडला."

केसरबाईनं तोंडावर पदर धरला. सकलैन बहिणीकडे बघत होता. ती लहानपणापासून त्याच्या नजरा ओळखत होती, पण ही तिनं कधी पाहिली नव्हती. त्याला विचारायचं होतं ते तो चारचौघांत विचारणार नव्हता, आणि घरी गेल्यावर विचारल्याशिवाय राहणार नव्हता.

"छापतानी मालूम होतं तुले?" शेवटी त्या उंच माणसानंच विचारलं.

"हाव," मलिहा म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. आता हा ओरडेल, किंवा काउंटरवरचं काहीतरी उचलून फेकेल, असं तिला वाटलं, आणि तिनं दोन्ही हात काउंटरवर तसेच ठेवले. त्या माणसानं हातातलं पाकीट पालथं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं.

"अंधारात काय घंटा दिसते," तो पुटपुटला आणि त्यानं ते तिच्यापुढे ठेवलं. त्याच्या मागच्यानंही आपलं पुढे केलं. पायरीवरची माणसं उठून आत येऊ लागली.

रस्त्यापलीकडे उत्तमराव दुकानाच्या ओट्यावर आले होते. डोळ्यांवर हात धरून ते इकडेच बघत होते. गनीमिया खुर्चीतून उठले नाहीत. त्यांनी फक्त चांगल्या हातानं खुर्ची ओढली आणि दाराच्या मधोमध घेतली. मग मागे न बघता खिशातलं भिंग काढून खांद्यावरून आत धरलं.

ते आसिफनं घेतलं. तो काउंटरच्या खाली वाकला तेव्हा मलिहाला वाटलं, हा आता शटरची किल्ली शोधतोय. तो वर आला तेव्हा त्याच्या हातात इमर्जन्सी लाइट होता. त्यानं तो चालू केला, केसरबाईच्या पाकिटावर धरला आणि भिंग डोळ्याला लावलं.

"कोठी पाडला म्हनली?" त्यानं विचारलं.

"देठापाशी."

"कोनत्या पानाच्या?"

"खालच्या," मलिहा म्हणाली आणि तिनं बोट ठेवून दाखवलं.